आधी घोडीची पाठ, मग मोर

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर तापीकाठी घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाबातून जनावरं येतात. खोगीर बनवणाऱ्याला इतक्या तऱ्हेच्या पाठी एका जागी क्वचितच बघायला मिळतात, म्हणून मी हत्यारं घेऊन जातोच.

एका दुपारी एक व्यापारी आला. काखेत जवळजवळ नवं खोगीर. “मिस्तरी, यावर मोर काढा, बाजूनं वेलबुट्टी. पैशाचं बघू नका.” त्याची मारवाडी घोडी देखणी, रवाल म्हणजे न हिंदकळणाऱ्या चालीची, पण तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला की चावायला धावायची आणि स्वार बसला की पाठ खाली टाकायची. गिऱ्हाईक बघून परत जात होतं. खोगीर नक्षीदार असलं तर भाव येईल, हा त्याचा हिशोब.

म्हटलं, “दादा, घोडी थोडी फिरवून आणा आणि खोगीर माझ्यासमोर उतरवा.”

उतरवलं. पाठ घामानं चिंब, पण खांद्यामागे दोन्हीकडे तळहाताएवढे कोरडे डाग. कोरडी जागा सुखाची वाटते, पण तिथे इतका दाब पडलेला असतो की घामच फुटत नाही. डाव्या बाजूला पांढरे केसही उगवले होते. दाबानं केसाचं मूळ दुखावलं की त्याचा रंग जातो. त्या मुक्या जनावराला चावरी म्हणत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

खोगीर उलटं करून गाद्या चाचपल्या. पुढे लोकर ठासून कोंबलेली, तिचे दगडासारखे गोळे झालेले, मधे पोकळ. वाकणारी तार पाठीवर दाबून आकार कागदावर उतरवला आणि आतल्या सांगाड्याशी ताडून पाहिला. सांगाडा रुंदीला बरोबर होता. लांबीलाही. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या. शेवटच्या बरगडीमागे वजन गेलं तर खाली आधार नसतो. सांगाडाच चुकीचा निघता तर मी ते खोगीर परत दिलं असतं.

टाके उसवले, लोकर काढून पिंजली, थोडी नवी मिसळली आणि चिमटीचिमटीनं भरली. कण्याला काहीही टेकू नये म्हणून मधली पन्हळ मोकळी ठेवली. मग शिवण. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि अरीनं पाडलेल्या त्याच भोकातून दोन्ही समोरासमोर काढायच्या. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात; यंत्राच्या शिवणीत ओळच्या ओळ सैल पडत जाते. धावत्या घोड्यावर माणूस बसलेला असतो, म्हणून इथे मी यंत्र वापरत नाही.

“जखम आतून भरेपर्यंत स्वार बसवू नका,” हे मात्र त्याला पचेना. ऐन बाजारात व्यापाऱ्याला हे सांगणं जड जातं. तरी त्यानं ऐकलं.

मोर त्या खोगिरावर काढता येणार नव्हता. रंगवून तयार झालेलं चामडं ठसा धरत नाही. त्याला झाडाच्या सालीत कमावलेलं, कोरं कातडंच लागतं. तसा एक पट्टा माझ्याकडे होता, तो घोडीच्या छातीसाठी घेतला. कातडं ओलं करून थांबायचं. वरचा रंग परत उजळू लागला, पण हाताला गारवा लागतोय, तेव्हा पाती चालवायची. निम्म्या जाडीपर्यंतच. मग रेषेची एक कड ठोकून खाली दाबली की पीस वर उठून येतं. लवकर ठोकलं तर ठसा पसरतो, उशीर झाला तर उमटतच नाही. पिसाऱ्यावर माझी अख्खी रात्र गेली, आणि ती आनंदात गेली.

बाजार उठायच्या सुमारास एका हलक्या पोराला घोडीवर बसवलं. तंग आवळताना तिनं कान मागे टाकले, पण तोंड वळवलं नाही. पोरगं बसलं तरी पाठ तशीच राहिली. व्यापारी तिच्याभोवती फिरून आला, पट्ट्यावरचा मोर एकदा बघितला आणि मुक्कामाकडे गेला. परत आला तो आणखी दोन घोडे घेऊन. त्यांची खोगिरं उतरवून, उलटी करून त्यानं माझ्यासमोर ठेवली.