पेन्सिल सेलवरचा कॅमेरा अजून चालतोय

जुना छोटा डिजिटल कॅमेरा घेणार असाल तर आधी सेलचा कप्पा उघडून बघा, मेगापिक्सलचं नंतर विचारा. हे मी हल्ली इतक्या जणांना सांगितलंय की आता एकदा लिहूनच टाकतो. झालंय काय, कॉलेजातल्या पोरापोरींना अचानक पंधरा-अठरा वर्षांपूर्वीचे कॅमेरे पाहिजे झालेत, इथं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या भाचीच्या ग्रुपमध्ये तर बहुतेकींच्या पर्समध्ये एकेक आहे, आणि ते बघून ऑनलाइन विकणारे वाट्टेल ते भाव लावायला लागलेत. २०१० ला जगभरात वर्षाला १२ कोटीच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात जात होते, २०२० ला तो आकडा ९० लाखाच्या खाली आला, म्हणजे घराघरात कपाटात किती पडून असतील विचार करा. विकत घ्यायच्या आधी मामाच्या, काकाच्या, मावशीच्या घरात विचारा.

माझ्याकडं कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस आहे. २००७ चं मॉडेल, ७.१ मेगापिक्सल, ४ पट ऑप्टिकल झूम, हात हलला तर सावरून घेणारी आयएस सिस्टीम, वर डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर, आणि त्या वेळच्या स्वस्त कॅमेऱ्यात सहसा न मिळणारी गोष्ट म्हणजे डायलवर पी, टीव्ही, एव्ही आणि एम, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं (शटर स्पीड) आणि लेन्सचं भोक किती मोठं ठेवायचं (ॲपर्चर) हे आपल्याला ठरवता येतं. शटर स्पीड, ॲपर्चर म्हणजे काय ते मी यावरच शिकलो, कुठला क्लास नाही काय नाही. उन्हाळ्यात भर दुपारी स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही तेव्हा तो छोटा व्ह्यूफाइंडर किती कामाला येतो हे रंकाळ्यावर उभं राहून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

आणि तो दोन पेन्सिल सेलवर (एए साइज) चालतो. मला विचाराल तर हीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या कॅमेऱ्यांना स्वतःची वेगळी चपटी बॅटरी लागते त्यांची बॅटरी आता फुगलेली तरी असते नाहीतर चार फोटोत मान टाकते, आणि नवीन ओरिजिनल मिळणं अवघड. पेन्सिल सेल मात्र गल्लीतल्या कुठल्याही दुकानात. फक्त कुठला सेल ते बघा. घड्याळात, रिमोटमध्ये घालतो ते स्वस्तातले सेल यात चालत नाहीत, लेन्स बाहेर येताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो, तेवढा त्या सेलला देता येत नाही, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा म्हणतो बॅटरी संपली. मग माणूस म्हणतो कॅमेरा बिघडला. कितीतरी जणांनी असे चांगले कॅमेरे खराब समजून टाकून दिलेत याचं मला खरंच वाईट वाटतं. अल्कलाइन त्यापेक्षा बरे, पण रोजच्या वापराला रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडच पाहिजेत. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, अल्कलाइनवर १.५, म्हणून लोकांना वाटतं हे कमी ताकदीचे, पण जास्त करंट ओढला तरी ते टिकून राहतात. साधे रिचार्जेबल नुसते ठेवले तरी हळूहळू उतरतात, त्यासाठी सान्योनं २००५ मध्ये एनेलूप आणले, चार्ज करून महिनोन्महिने ठेवले तरी तयार, तसल्या प्रकारचे घ्या. चार सेल आणि एक बरा चार्जर, झालं.

सेलची ताकद काय ते २०१९ च्या पुरात कळलं. ऑगस्ट महिना, पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलेलं, मावशीच्या घरात खालच्या मजल्यावर पाणी, लाइट नाही, मोबाइल फक्त फोनसाठी वाचवून ठेवायचा, त्यात मावशीनं टॉर्चमधले अल्कलाइन सेल काढून कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्यात घातले आणि वरून जिन्यावरून सगळे फोटो काढले, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, फ्रीज कसा आडवा झाला, भिंतीवरची रेघ, सगळं. ते फोटो पुढं कामाला आले. एक भानगड झाली, आतला बटण सेल मेलेला असल्यामुळं घड्याळ मागं गेलेलं आणि फोटोंवर भलत्याच वर्षाची तारीख पडली. तुमच्या कॅमेऱ्यातपण दर वेळी सेल बदलला की तारीख विचारत असेल तर तो बटण सेल बदला, फार पैसे लागत नाहीत.

आता उद्यमनगरच्या काकांचं सांगतो, कारण ते मला या सगळ्यात जास्त आवडतं. पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्यांचं एक ठरलेलं दुखणं असतं, कप्प्याच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा छोटा दात तुटतो, मग आतल्या स्प्रिंगा झाकण ढकलतात आणि कॅमेरा मधेच बंद. लोक रबर लावतात, चिकटपट्टी लावतात. काकांचं लेथचं वर्कशॉप, ते म्हणाले आण इकडं. बहुतेक कॅमेऱ्यांना खाली ट्रायपॉडसाठी पाव इंची आट्यांचं भोक असतं, त्यात बसणारा स्क्रू त्यांनी केला, ॲल्युमिनियमची पट्टी कापून कड घासून गुळगुळीत केली, आणि त्या स्क्रूनं पट्टी खालून अशी आवळली की झाकण दाबून बसतंय. सेल बदलायचे की स्क्रू दोन फेरे सैल करायचा, पट्टी फिरवायची, परत आवळायची. अजून तसाच चालू आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे ना, बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला १९१८ च्या सुमारास, दामल्यांना हाताशी घेऊन, त्याची ती आठवण. त्या गावात झाकणाचा दात तुटला म्हणून कॅमेरा भंगारात जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

पण काही गोष्टी काकांच्या पण हातातल्या नाहीत. जोतिबाच्या चैत्र यात्रेत माझ्या मित्राच्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली ती अडकलीच. सासनकाठ्या नाचतात, गुलाल आणि खोबरं उधळलं जातं, हवा गुलाबी झालेली, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स एकात एक सरकणाऱ्या नळ्यांवर बाहेर येते, त्या फटीत गुलाल गेला की आतले बारीक गियर घासायला लागतात. तिथं कॅमेरा न्यायचाच तर थोडं लांबून, उंचावरून काढा, गुलाल उडत असताना सारखं चालू-बंद करू नका, आणि लेन्स आत घ्यायच्या आधी मऊ ब्रशनं नळीवरची पूड झाडा. लेन्स बाहेरच येत नाही असले वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट कॅमेरे पण निघाले होते, त्यातला मिळाला तर यात्रेला तोच न्या.

प्रकाशाचं खरं सांगतो, इथं या कॅमेऱ्याची मर्यादा आहे. आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, ५.७६ बाय ४.२९ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षा लहान, त्यावर ७० लाख पिक्सल बसवलेत, प्रत्येकाच्या वाट्याला उजेड येणार किती? दसरा चौकात सोनं लुटायची वेळ सूर्य मावळतानाची, आयएसओ (कमी उजेडासाठी वाढवायची सेटिंग) ४०० च्या वर गेलं की फोटोत दाणे दिसायला लागतात. खासबागेत संध्याकाळच्या कुस्त्यांना पण तेच. आणि आयएस आहे म्हणून पैलवान हलला तरी चालेल असं नाही, आयएस आपला हात सावरतं, समोरचा माणूस नाही. मी काय करतो, बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवतो आणि दोघांची पकड घट्ट होऊन क्षणभर दोघंही थबकतात तेव्हा पूर्ण दाबतो. पोज देऊन काढलेल्या फोटोपेक्षा त्यात जास्त जीव असतो. फ्लॅश बंदच ठेवा, तो तीन-साडेतीन मीटरच्या पुढं जात नाही, गॅलरीतून मारून पुढच्याचं डोकं तेवढं पांढरं होतं. पन्हाळ्यावर धुक्यात तर अजिबातच नको, थेंबांवर उजेड पडून सगळ्या फोटोभर पांढरे गोळे.

भाची म्हणते, "मामा, सीसीडी सेन्सरचाच बघ हं, त्याचे रंग वेगळे येतात." सीसीडी म्हणजे जुन्या कॅमेऱ्यातला सेन्सरचा एक प्रकार. मला ते पूर्ण पटत नाही. तो जो जुना लुक तुम्हाला आवडतोय त्यात समोरून पडलेला फ्लॅश आहे, छोटा सेन्सर आहे आणि कॅमेऱ्याची जेपेग बनवायची पद्धत आहे, नुसत्या सीसीडीसाठी जास्त पैसे मोजू नका.

कार्डाचं मात्र नक्की विचारा. एसडी कार्डवाला घ्या. ऑलिंपस आणि फुजीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलना एक्सडी कार्ड लागतं, सोनीच्यांना मेमरी स्टिक, ती आता शोधत बसावं लागतं. एसडीतपण फरक आहे, २००६ च्या आधीचे कॅमेरे बहुतेक २ जीबीपर्यंतचंच कार्ड घेतात, ४ ते ३२ जीबीचं एसडीएचसी घातलं की कार्ड एरर, आणि ६४ जीबीचं तर विसराच. २ जीबी कमी वाटतं पण ७ मेगापिक्सलचे सहाशेच्या आसपास फोटो बसतात, एका यात्रेला भरपूर झाले.

घेताना दुकानात उभं राहूनच बघा: झूम पूर्ण आतबाहेर करा, आवाज कानावर घ्या, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग आहे का ते मोठा करून बघा, कप्प्यात हिरवट बुरशीसारखं काही जमलंय का बघा, ते सेल फुटून गळल्याचं असतं. आणि स्वतःचे चार्ज केलेले सेल खिशात घेऊन जा, दुकानदाराच्या सेलवर निकाल देऊ नका.

भाचीला शेवटी काकांच्या ओळखीतनं एक मिळालाय, २००५ चा, झाकण शाबूत, झूम गुळगुळीत. फक्त कार्ड नाही. कुणाच्या घरात १ किंवा २ जीबीचं जुनं एसडी कार्ड पडून असेल तर फेकू नका, मला कळवा, मी येऊन घेऊन जातो, आणि त्यावर तुमचे फोटो असले तर आधी पेनड्राइव्हवर काढून देतो.