जाळीपलीकडचं मैदान

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, एटीन्थ आणि व्हाइन या रस्त्यांच्या चौकाजवळ निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम आहे. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल लीग्जचं हे म्युझियम. आत शिरल्यावर आधी मैदान दिसतं. खेळाडूंचे माणसाएवढे ब्राँझचे पुतळे, आपापल्या जागी सज्ज. मध्ये मात्र कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी. मैदानात जायचं तर सगळं म्युझियम पालथं घालून, अगदी शेवटी.

सकाळी मी जवळच्याच पासेओ वायएमसीएची जुनी विटांची इमारत बाहेरून पाहून आले होते. 13 फेब्रुवारी 1920 रोजी रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय संघमालकानं आठ संघांची निग्रो नॅशनल लीग तिथे स्थापन केली. गोऱ्या संघमालकांनी कृष्णवर्णीयांना कधीचंच खेळाबाहेर काढलं होतं, आणि तेही कुठे कागदावर न आणता. फॉस्टरला स्वतःची लीग हवी होती, जिचा कारभारही आपल्याच लोकांकडे असेल. दहा वर्षांनी तो मनोरुग्णालयात वारला.

म्युझियममध्ये मी सर्वांत जास्त रेंगाळले ते इथल्याच कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघापाशी. 1930 साली त्यांचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी दिवे, खांब आणि जनरेटर ट्रकवर लादून गावोगावी रात्रीचे सामने लावले. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये रात्रीचा पहिला सामना झाला 1935 मध्ये! पण त्याच दिव्यांखाली टाळ्या घेतलेल्या खेळाडूंना किती गावांत राहायला खोली मिळत नसे, जेवायला टेबल मिळत नसे. मग रात्र बसमध्येच काढायची.

कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन 1945 मध्ये याच मोनार्क्सकडून खेळला. 15 एप्रिल 1947 ला तो गोऱ्यांच्या मोठ्या लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि वर्णभेदाची भिंत पडली. तो दिवस मोठाच. पण डॉजर्सनी त्याला नेताना मोनार्क्सना एक डॉलरही दिला नाही, हे वाचून मला फार लागलं. नूअर्क ईगल्स या निग्रो लीगमधल्या संघाच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी मात्र हिमतीनं भांडून, मोठ्या लीगमध्ये जाणाऱ्या आपल्या लॅरी डोबीसाठी 15,000 डॉलर मिळवले. हळूहळू खेळाडू गेले, त्यांच्यामागे प्रेक्षक गेले आणि 1948 च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली. ही त्याच नावाची दुसरी, 1933 मध्ये सुरू झालेली; फॉस्टरची लीग 1931 मध्येच बुडाली होती.

बक ओनील मोनार्क्सचे खेळाडू आणि पुढे मॅनेजर. हे म्युझियम उभं करण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. 2006 साली निग्रो लीगच्या काळातली सतरा माणसं एकदम हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतली गेली, त्यांत ओनील नव्हते. तरीही त्या सतरा जणांच्या वतीनं सोहळ्यात बोलायला ते उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्यांची निवड झाली ती थेट 2022 च्या सोहळ्यासाठी. मी तिथे बराच वेळ उभी होते, पुढे जाववेना.

शेवटी एकदाची मैदानात आले. चेंडू टाकायला सॅचेल पेज, बॅट घेऊन क्यूबाचा मार्टिन दिहिगो, त्याच्यामागे कॅचर जॉश गिब्सन. रॉबिन्सनच्या त्या पहिल्या सामन्याला तीन महिने उरले असताना, पस्तिसाव्या वर्षी गिब्सन वारला. 2024 मध्ये निग्रो लीगचे आकडे मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदीत धरले गेले तेव्हा त्याची कारकिर्दीतली .372 ही फलंदाजीची सरासरी, जुना गोरा खेळाडू टाय कॉबच्या .367 ला मागे टाकून पहिली आली.

मी गिब्सनशेजारी उकिडवी बसले. तिथून पेज अगदी समोर दिसतो.