जवसाची पापडी आणि साडेपाचचा चहा : आमची वाटचाल

२०१६ च्या दिवाळीनंतर केलेल्या तपासणीत यांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ९.४ आलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आहारतज्ज्ञ ताईंनी पोळी-भात निम्म्यावर आणला. ते सगळं यांनी निमूटपणे ऐकलं. अडलं ते संध्याकाळच्या चहापाशी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी साडेपाचला चहा आणि वाटीभर चिवडा, ही यांची तीस वर्षांची सवय. दातांखाली काहीतरी कुरकुरीत आल्याशिवाय यांना चहा गोड लागत नाही.

चिवडा बंद केला आणि सगळे सांगतात म्हणून मखाणे आणले. महिनाभराने सहज आकडे बघितले, तर १०० ग्रॅम मखाण्यांत कर्बोदकं सुमारे ७५ ग्रॅम. पोह्यांतही जवळपास तेवढीच! मखाणे वजनाला हलके म्हणून वाटीत कमी मावतात, एवढाच काय तो फरक. तळण्याऐवजी भाजलं म्हणजे तेल कमी होतं, पिष्ट (स्टार्च, पचून साखर होणारी कर्बोदकं) जागच्या जागी राहतं. ही साधी गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. आमच्या उद्योगाचं मूळ तिथे आहे.

मी सोयाबीनच्या पिठाच्या शेव-चकल्या करून पाहिल्या. सोऱ्यातून निघतानाच तुकडे पडायचे, आणि तळल्यावर एकतर भुगा व्हायचा नाहीतर चामट व्हायच्या. माझी भाची तेव्हा लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये अन्नतंत्रज्ञान शिकत होती. तिने कारण सांगितलं. चकलीतलं पिष्ट उष्णतेने फुगतं, एकमेकांत बांधलं जातं, त्यातलं पाणी उडालं की काचेसारखं कडक होतं. आपण ऐकतो तो कुरकुर आवाज त्या काचेचा. "मावशी, पिष्ट काढलंस तर बांधायला दुसरं काहीतरी लागेल नं," ती म्हणाली.

ते दुसरं काहीतरी घरातच सापडलं. मुलगी केसांना लावायला जवस उकळत होती. गाळलेल्या चिकट पाण्याचा एक ओघळ पातेल्याच्या काठावर रात्रभर वाळला. सकाळी भांडं घासताना मी तो नखाने सोलला, तर पारदर्शक पापुद्रा निघाला आणि चिमटीत कटकन मोडला. त्या आवाजाने माझे हात थांबले.

जवस आपल्या विदर्भात नवा नाही. भाकरीसोबत जवसाची चटणी आम्ही लहानपणापासून खातो. १०० ग्रॅम जवसात कर्बोदकं २९ ग्रॅमच्या आसपास, पण त्यातले सुमारे २७ ग्रॅम तंतू (फायबर), जे पचून साखर होत नाहीत. म्हणजे साखर वाढवणारं जवळजवळ काहीच उरत नाही. जवस भाजायचा, भरड दळायचा, त्यात तीळ, मीठ, भिवापुरी मिरची आणि गरम पाणी घालून वीस मिनिटं झाकून ठेवायचा. गोळा आपोआप धरतो. मग दोन बटर पेपरमध्ये पातळ लाटून मंद आचेवर भाजायचा. घाई केली तर कडा करपतात आणि मधे ओल राहते. आमच्या पहिल्या ओव्हनमध्ये एका वेळी चारच पापड्या मावायच्या.

२०१७ मध्ये नोंदणी करून घरूनच विक्री सुरू केली. आधी शेजारी, मग धरमपेठेतल्या ओळखीच्या दोन दुकानांत. पापडी चालली म्हणून पुढच्या वर्षी सोयाबीन-तिळाची चकली काढली, आणि तिथे मी मोठी चूक केली. चकली तुटू नये म्हणून त्यात निम्मं बेसन घातलं. डाळ म्हणजे प्रथिनं, असं मी धरून चालले होते. बेसनात निम्म्याहून जास्त कर्बोदकं असतात हे तपासलंच नाही आणि पाकिटावर ‘कमी कर्बोदकं’ छापून मोकळी झाले. पुढे प्रयोगशाळेतून अहवाल आला : १०० ग्रॅमला ३४ ग्रॅम.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचे एक ग्राहक मानेवाड्याचे निवृत्त शिक्षक, इन्सुलिन घेणारे, पाकिटावरचा आकडा पाहून वहीत हिशेब ठेवणारे. सकाळी आधी त्यांच्याकडे गेले. "काका, आमचा आकडा चुकला आहे," एवढंच म्हटलं. त्यांनी वही उघडली, मागची पानं चाळली आणि म्हणाले, "मी तर रोज एक पाकीट खात होतो, बाप्पा." ते रागावले नाहीत, याचंच मला जास्त लागलं. दुकानांतली १६० पाकिटं परत आणली, ज्यांची नावं माहीत होती त्यांना पैसे दिले. तेव्हापासून कुठलाही नवा पदार्थ तपासणीच्या अहवालाशिवाय घराबाहेर पडत नाही.

आजची चकली बेसनाशिवाय आहे. सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात घालायचं, मग वाळवून भाजायचं, त्याने उग्र वास जातो. बांधणीला जवस. चकलीचे काटे पूर्वीसारखे टोकदार येत नाहीत, पण चव खमंग आहे. आपल्याकडे एवढं सोयाबीन पिकतं आणि सगळं तेलाच्या गिरणीला जातं, याचं मला आजही वाईट वाटतं.

नागपूरच्या हवेने आम्हाला दोनदा शिकवलं. पहिल्या पावसाळ्यात माल दुकानात पोचेपर्यंत सादळायचा. कारण आमचंच होतं, पापडी कोमट असतानाच आम्ही पाकीट बंद करत होतो, आणि आतली वाफ आतच राहायची. आता माल पूर्ण थंड होतो, पॅकिंगची खोली कोरडी ठेवतो. उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की जवसातलं तेल लवकर खवट होतं. पारदर्शक पाकीट सोडून आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट घेतलं, हवेऐवजी नायट्रोजन भरायला लागलो. माल दिसत नाही म्हणून एका दुकानदाराने ठेवायला नकार दिला. त्याचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण खवट पापडी कुणाच्या घरी जायला नको होती. एप्रिल ते जून आम्ही आजही थोडाच माल काढतो आणि मुदत ६० दिवसांचीच लिहितो.

मोठा ओव्हन प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून आला. ३५ टक्के अनुदान मिळालं, कागदपत्रांना मात्र आठ महिने लागले. आज आम्ही सात जणी आहोत. जवस पवनीकडच्या शेतकऱ्यांकडून घेतो. तिकडे धानाच्या उभ्या पिकात उरलेल्या ओलीवर जवस फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. हा पेरा खूप घटला आहे. म्हणून भाव पेरणीच्या वेळीच ठरवतो आणि तो पाळतो.

फोनवर ऑर्डर देणाऱ्यांना दोन गोष्टी मी स्वतः सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोळी-भात एकदम कमी करू नका, साखर अचानक खाली जाऊ शकते. आणि कर्बोदकं कमी म्हणजे उष्मांक कमी असं नाही. १०० ग्रॅम जवसात ५०० हून जास्त किलोकॅलरी असतात. म्हणून आमचं पाकीट ३० ग्रॅमचं आहे, मोठं मागितलं तरी देत नाही.

सध्या चिवड्याच्या मागे लागलो आहोत. खोबऱ्याचे काप, भाजलेलं सोयाबीन, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, कढीपत्ता, भरपूर सांभार (कोथिंबीर). अकरा वेळा करून झाला. चव जमली आहे, पण पोह्यांचा हलकेपणा येत नाही. प्रत्येक घाण्यातली पहिली वाटी साडेपाचला यांच्यासमोर जाते. परवा हे दोन घास खाऊन म्हणाले, "खोबरं अजून पातळ काप." आज सकाळी नवीन किसणी आणली आहे.