राफा बेनिटेझ आणि आमचा राग

शनिवार, रात्री उशिरा

आज मॅच संपल्यावर पुन्हा तोच विषय निघाला. आम्ही सगळे लंडनच्या चेल्सी या फुटबॉल क्लबचे चाहते, आणि विषय हा: चेल्सीचा सगळ्यात नावडता मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, कोण? या क्लबनं इतके मॅनेजर आणले आणि घालवले की नावांना तोटा नव्हता. तरी सगळ्यांची गाडी शेवटी एकाच नावावर येऊन थांबली. राफाएल बेनिटेझ. "त्याचं नावसुद्धा काढू नकोस," असं आमच्यातला सगळ्यात जुना चाहता म्हणाला, तेही अगदी मनापासून. माझं म्हणणं वेगळं होतं, पण त्या गलक्यात ते कोण ऐकणार? म्हणून इथे लिहून काढते.

आधी रागाबद्दल, कारण तो उगाच नव्हता. मे 2012 मध्ये म्युनिकला, समोरच्या बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर, चेल्सीनं पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. 88व्या मिनिटाला आमच्या ड्रॉग्बाचा हेडर, मग पेनल्टी शूटआउट, आणि शेवटची पेनल्टीही त्याचीच. त्या रात्री डगआउटमध्ये उभा होता रॉबर्टो डी मातेओ, एके काळी याच क्लबच्या मिडफिल्डमध्ये खेळलेला आपला माणूस. सहा महिन्यांनी युव्हेंटसकडून 3-0 हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. आणि त्याच दिवशी, 21 नोव्हेंबरला, त्याच्या जागी कोणाला आणलं? लिव्हरपूलच्या माजी मॅनेजरला!

तोही साधासुधा माजी मॅनेजर नव्हे. 2005 आणि 2007, दोन्ही वेळा चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये आम्हाला घरी पाठवणारा तोच. 2005 मध्ये लिव्हरपूलच्या लुईस गार्सियाचा बॉल गोलरेषेपलीकडे गेला होता की नाही, यावरून आजही आमच्यात आवाज चढतात. त्यात 2007 मध्ये बेनिटेझ बोलून गेला होता की लिव्हरपूलच्या चाहत्यांना हातात झेंडे द्यावे लागत नाहीत. स्टॅमफर्ड ब्रिजवर, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावर, वाटल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या झेंड्यांवरचा हा टोमणा होता. असं काही चाहते विसरत नाहीत. गोल विसरतील, पण टोमणा विसरणार नाहीत.

पहिली मॅच मँचेस्टर सिटीशी, ब्रिजवरच. तो बाहेर आला तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी जी हुर्यो उडवली, तशी मी एरवी फक्त पाहुण्या टीमच्या वाट्याला आलेली ऐकली होती. 16वं मिनिट लागलं आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागलं. डी मातेओच्या शर्टावरचा नंबर 16. मैदानात काही विशेष घडत नव्हतं, मॅच शेवटी 0-0 सुटली. पण पुढेही मॅचमागून मॅच त्या मिनिटाला टाळ्या वाजत राहिल्या, आणि त्या वेळी नवा मॅनेजर टचलाइनवर आपल्या कामात असायचा. मला त्या टाळ्या आवडायच्या. आजही आवडतात. आपल्या माणसाला असं सन्मानानं आठवणं ही चाहत्यांची फार मोठी गोष्ट आहे.

पण हुर्योचं काय? डी मातेओला बेनिटेझनं काढलं नव्हतं. काढलं ते मालकानं, रोमन अब्रामोविचनं. 2003 मध्ये क्लब विकत घेऊन त्यानं सगळं बदलून टाकलं होतं. ज्याच्या पैशावर ड्रॉग्बा आला, एसियन आला, चेक आला, त्याच्याविरुद्ध स्टँडमधून कोण ओरडणार? राग होता मालकाच्या निर्णयाचा, पण तो भोगला समोर उभ्या असलेल्या नोकरदारानं. आज मला हेच सांगायचं होतं. तो माणूस आवडत नाही हे ठीक, पण त्या हंगामातली निम्मी शिवीगाळ त्याच्या नावावर चुकून जमा झालेली आहे.

मिडल्सब्रोची रात्र मला सगळ्यात जास्त आठवते. फेब्रुवारी 2013, एफए कपचा पाचवा राउंड. चेल्सी 2-0 जिंकली, म्हणजे तक्रारीचं काहीच कारण नव्हतं. आणि जिंकल्यावर तो बोलला. क्लबनं मला हंगामी, म्हणजे तात्पुरता, मॅनेजर ही पदवी दिली तीच मोठी चूक होती, हंगाम संपला की मी जाणार आहे, तेव्हा माझी काळजी करू नका, आणि गाणी म्हणण्यात, फलक रंगवण्यात वेळ घालवण्यापेक्षा टीमच्या पाठीशी उभे राहा. असा सगळा सूर. दुसऱ्या दिवशी त्याला आता काढणारच अशी हवा होती. काढलं नाही. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की त्याच्या बोलण्यातलं निदान एक वाक्य शंभर टक्के खरं होतं. ज्याची जाण्याची तारीख आधीच ठरलीय, त्याचं ड्रेसिंग रूममध्ये कोण ऐकणार? तरी खेळाडूंनी ऐकलं, याचं श्रेय त्याला कोणीच देत नाही.

हंगाम कसला अंगावर येणारा होता! चेल्सी त्या वर्षी एकूण 69 मॅच खेळली, त्यातल्या 48 त्याच्या हाताखाली. योकोहामाला क्लब वर्ल्ड कपची फायनल कोरिंथियन्सकडून हरलो. लीग कपमध्ये स्वान्सीनं सेमीफायनलला अडवलं, एफए कपमध्ये सिटीनं. कॅप्टन टेरीला तो बाकावर बसवायचा, ते तर कोणालाच सहन होत नव्हतं, मलाही नाही. पण अॅस्टन व्हिलाला 8-0 हरवलं तेही त्याच डिसेंबरात. दाविद लुईझला मिडफिल्डमध्ये उभं करणं त्याचंच. आस्पिलिक्वेटाची राइट-बॅकची जागा पक्की झाली तीही त्याच महिन्यांत. शेवटी लीगमध्ये तिसरा नंबर, म्हणजे पुन्हा चॅम्पियन्स लीगमध्ये जागा. त्याला ज्या कामासाठी ठेवलं होतं ते त्यानं करून दिलं.

आणि अॅम्स्टरडॅम. 15 मे 2013, युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा असलेल्या युरोपा लीगची फायनल, समोर पोर्तुगालचा बेनफिका. आधीच्याच मॅचमध्ये व्हिलाविरुद्ध लॅम्पार्डनं दोन गोल करून बॉबी टॅम्बलिंगचा चेल्सीसाठी 202 गोलांचा विक्रम मोडला होता, पण त्याच मॅचमध्ये टेरी आणि हॅझार्ड दोघंही जखमी झाले. फायनलला दोघंही नाहीत. पहिला हाफ बेनफिकाचाच होता, खोटं कशाला बोलू. मग आमच्या टॉरेसचा गोल, गोलकीपरला चकवून. थोड्याच वेळात बेनफिकाच्या कार्दोझोची पेनल्टी, 1-1. भरपाईची मिनिटं सुरू झालेली, 93वं मिनिट. माताचा कॉर्नर लांब मागे आला. इव्हानोविच मागे झुकत उडाला, आणि डोक्याला लागलेला बॉल सगळ्यांच्या वरून कमानीसारखा जाऊन लांबच्या कोपऱ्यात पडला. म्युनिकच्या फायनलला हाच इव्हानोविच निलंबित होता, त्याला खेळता आलं नव्हतं. त्याच्यासाठी मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

त्यानंतर दहा दिवस चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग, दोन्हींचे विजेते आपणच होतो. या दोन आणि आता बंद झालेला कप विनर्स कप, अशा युरोपातल्या तिन्ही मोठ्या ट्रॉफ्या जिंकणारा ब्रिटनमधला पहिला क्लब चेल्सी. ही ओळ आपण सगळे छाती फुगवून सांगतो, आणि सांगताना मॅनेजरचं नाव मात्र गिळतो. आज संध्याकाळीही तसंच झालं.

पुढे तो न्यूकॅसलला गेला. टीम खालच्या लीगमध्ये घसरली तरी सोडून गेला नाही, 2017 मध्ये पुन्हा वर आणली, आणि तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग 2021 मध्ये एव्हर्टन, लिव्हरपूल शहरातलाच दुसरा क्लब. ज्या क्लबला लिव्हरपूलचा मॅनेजर असताना तो छोटा क्लब म्हणाला होता, त्याच क्लबची नोकरी! तिथे पहिल्या दिवसापासून विरोध, आणि निकालही वाईट लागले. जानेवारी 2022 मध्ये गेला. तिथल्या चाहत्यांचा राग मला समजतो. पण आमच्याकडे निकाल चांगले होते, तरी राग तेवढाच होता.

त्याच्या नावाचं गाणं मी कधी म्हणणार नाही. तो आमचा नव्हता, आणि व्हायचा प्रयत्नही त्यानं केला नाही. पण वाईट मॅनेजरांच्या यादीत त्याचं नाव मला मान्य नाही. पुढच्या वेळी सगळे जमले की हे नीट, शांतपणे मांडणार आहे. त्या जुन्या चाहत्याला पटणार नाही, हे मला माहीत आहे. तरी निदान डी मातेओला कोणी काढलं, एवढं एक त्याच्याकडून मोठ्यानं वदवून घेणार आहे.