फोर्ब्स फील्ड अपडेट: होम प्लेट अखेर जागेवर!

मंडळी, फोर्ब्स फील्डचा, म्हणजे अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या जुन्या बेसबॉल मैदानाचा, नकाशा एकदाचा जुळला! पिट्सबर्गच्या मैदानांपैकी याचं मॉडेल पहिलं 1:500 मध्ये कापायला घेतलं, आणि होम प्लेटनेच (फलंदाजाजवळची जमिनीतली पाटी) सगळं काम अडवून धरलं होतं. फाऊल लाइन (प्लेटपासून डावी-उजवीकडे जाणाऱ्या हद्दीच्या रेषा), स्टँड, भिंत, सगळं मोजायचं तिच्यापासून, आणि तीच जागेवर बसेना.

ज्यांनी हे मैदान आजच्या नकाशावर बसवून पाहिलंय त्यांना हे दुखणं ठाऊक आहे. 1970 मध्ये खेळ थांबला, मग मैदान पाडलं आणि जागेवर विद्यापीठ उभं राहिलं. मागे उरली ती मध्याकडची विटांची भिंत, तिच्याजवळचा झेंड्याचा खांब, आणि पोस्वार हॉलच्या फरशीत काचेखाली जपलेली होम प्लेट. ही प्लेट धरून आराखडा ठेवला की भिंत घसरते. कारण मूळ जागा तिथून सुमारे 80 फुटांवर होती. मॉडेलवर हा फरक जवळपास 5 सेंटीमीटर!

म्हणून भिंत धरली. तिच्यावर 457 आणि 436 फुटांचे, म्हणजे प्लेटपासूनच्या अंतराचे, आकडे अजून रंगवलेले आहेत. दोन्ही खुणांवरून तेवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढायची, छेदतील तिथे प्लेट. पण प्लेटवरून पाहिलं तर दोन्ही खुणा जवळजवळ एकाच दिशेला येतात. कंस नीट छेदतच नाहीत, एकमेकांना घासून जातात. खूण केसभर हलवा, प्लेट भलतीकडे पळते. इथे मी पार वैतागलो होतो.

सुटका केली शाळेतल्या भूमितीने. फाऊल लाइन काटकोनात असतात. 1930 पासून डावी 365 फूट, उजवी 300. म्हणजे दोन्ही फाऊल पोलमधलं (या रेषांच्या टोकांच्या खांबांमधलं) अंतर 472 फूट भरायला हवं, आणि प्लेट त्या व्यासाच्या अर्धवर्तुळावरच असायला हवी. 1930च्या दशकाच्या शेवटचा हवाई फोटो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि शेजारच्या कार्नेगी म्युझियमच्या कोपऱ्यांवर पक्का केला, कारण ती इमारत आजही जागची हललेली नाही. दोन्ही पोलमधलं अंतर मोजलं, तर 472ला अगदी खेटून! मग भिंतीवरच्या 457च्या खुणेपासून तेवढाच कंस फिरवला, तो बरोबर प्लेटवरून गेला. या कामाला क्यूजीआयएससारखं दुसरं सॉफ्टवेअर नाही, आणि ते फुकट आहे.

भिंत 12 फुटांची, म्हणजे मॉडेलवर 7.3 मिलिमीटर. एमडीएफवर (दाबून केलेल्या लाकडी फळीवर) लेझरने विटा कोरायचा नाद सोडा, कडा जळून काळ्या पडतात. मी साध्या कार्डबोर्डवर बोथट सुईने रेघा ओढल्या आणि वेलीसाठी चाळलेला लाकडाचा भुसा हिरवा रंगवून चिकटवला. बाजारातल्या तयार पावडरीपेक्षा कितीतरी जिवंत दिसतो. 406च्या आकड्याजवळ बोट ठेवलं की 13 ऑक्टोबर 1960 आठवतो: तिथूनच भिंतीपार गेलेला मॅझरॉस्कीचा फटका, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध 10-9, वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, पिट्सबर्गकडे.

आता बेत बदलतोय. आधी 1909चं मैदान करायचं ठरलं होतं, पिट्सबर्ग संघाचा मालक बार्नी ड्रेफसने उभं केलं तसं, उजवीकडे 376 फूट मोकळं. स्वस्तातला होम रन (चेंडू भिंतीपार मारून मिळणारी धाव) त्याला खपत नसे. पण माझं सगळं माप 1930 नंतरचं आहे, म्हणून मुख्य मॉडेल 1960चं होईल, आणि उजव्या बाजूचं अंतर कमी करणारे 1925चे स्टँड सुटे ठेवीन. काढले की 1909च्या उजव्या बाजूचा अंदाज येईल. हे लिहितानाच सुचलं: 1947चं ग्रीनबर्ग गार्डन्सही सुटंच करावं! संघात आलेल्या हँक ग्रीनबर्ग या फटकेबाजासाठी डावी बाजू 30 फुटांनी आत घेतली होती, पुढे तिलाच काइनर्स कॉर्नर म्हणू लागले. मॉडेलवर 18 मिलिमीटरची पट्टी, एका चुंबकावर बसेल.

बेत बदलला तरी पुढचं मैदान, ग्रीनली फील्ड, लांबणीवर टाकलेलं नाही. क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाचं हे मैदान 1932 ते 1938 एवढंच टिकलं, पण पिट्सबर्गचा इतिहास त्याच्याशिवाय अर्धाच राहतो. तिथे बेडफर्ड अव्हेन्यूची जुनी रेघ धरून सुरुवात करतोय.

त्यानंतर नदीकाठचं एक्स्पोझिशन पार्क. 4 जुलै 1902ला आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या लांबच्या भागात) पुराचं पाणी असतानाही तिथे सामने झाले, पाण्यात गेलेल्या चेंडूला सिंगल (फलंदाजाला फक्त पहिला बेस) द्यायचं ठरवून. ते पाणी रेझिनने ओतायचं आहे. पातळ थरात बुडबुडे न येता कुणी रेझिन ओतलंय का? कोणता ब्रँड, किती थरांत, तेवढं सांगा.