बाकावरचा भाऊ

भावाभावांची गोष्ट लिहिणाऱ्यापुढे एक अडचण हमखास उभी राहते. दोघांपैकी एकाला नायक केले की दुसरा आपसूक दुय्यम होतो आणि दोघांनाही नायक करावे तर गोष्टीतली चुरस जाते. रामायणाने हा पेच लक्ष्मणाच्या निष्ठेवर सोपवून सोडवला. महाभारताने तो मुळी सोडवायचाच नाही असे ठरवून टाकले. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या खेळाच्या पुस्तकाला एवढा पसारा झेपणारा नसतो. तिथे एक शाळा, एक संघ, एक घर आणि पुढचा सामना एवढ्यावरच भागवावे लागते. टिकी आणि रॉन्डे बार्बर या जुळ्या भावांनी स्वतःच्या बालपणावर लिहिलेली छोटी पुस्तके मुलांच्या निमित्ताने माझ्या हाती आली, तेव्हा हा पेच त्यांनी कसा हाताळला असेल, याचेच मला अधिक कुतूहल होते.

हे दोघे ७ एप्रिल १९७५ रोजी जन्मले आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रोआनोक नावाच्या डोंगराळ भागातल्या गावात वाढले. वडील घर सोडून गेलेले असल्यामुळे आई जेराल्डीन हिने एकाहून अधिक नोकऱ्या करून त्यांना एकटीने वाढवले. खेळ अर्थातच अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून धावण्याचा आणि धावणाऱ्याला जमिनीवर आडवे करण्याचा. पुढे दोघेही व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळले आणि १९९७ साली दोघांचीही व्यावसायिक संघांत निवड झाली. टिकी न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला, रॉन्डे फ्लोरिडातल्या टँपा बे बकनिअर्सकडे. खेळाडू म्हणून नाव झाल्यावर २००४ पासून त्यांनी आधी चित्रमय पुस्तके काढली आणि २००७ पासून पॉल मँटेल या लेखकाच्या साथीने प्रकरणे पाडलेली, थोड्या मोठ्या मुलांनी स्वतःची स्वतः वाचायची मालिका सुरू केली.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नावात न्यूयॉर्क असले तरी जायंट्सचे मैदान आमच्याच राज्यात, ईस्ट रदरफर्डला आहे, त्यामुळे शाळेच्या बसमध्ये या संघाची टोपी घातलेली चार-दोन मुले रोजच दिसतात. मला स्वतःला हा खेळ कळायला बराच काळ जावा लागला. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला पहिल्यांदा जाणवते ते एवढेच, की इथे खेळापेक्षा थांबणेच जास्त आहे. घड्याळात साठ मिनिटांचा असलेला सामना प्रत्यक्षात तीन तास चालतो. एकेक चाल पाच-सात सेकंदांत संपते, मग सगळे उठतात, वर्तुळ करून डोकी जवळ आणतात, पुढची चाल ठरवतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. दूरदर्शन संचासमोर बसून हे पाहताना माझा जीव मेटाकुटीला येत असे.

ही पुस्तके वाचू लागलो आणि हेच थांबणे गोष्ट सांगणाऱ्याच्या किती कामाचे आहे, ते लक्षात आले. अकरा-अकरा जणांच्या आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये चेंडू सतत वाहता असतो. मुलाच्या मनात काय चालले आहे हे सांगायला लेखकाने एक परिच्छेद घेतला की तेवढ्यात चेंडू दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असतो. अमेरिकन खेळात मात्र दोन चालींच्या मधे भीती, हेवा, आईचे सकाळचे बोलणे, गणिताची राहिलेली चाचणी असे सगळे बसवता येते आणि तरीही सामना कुठे अडखळत नाही. शिवाय चौथी आणि शेवटची संधी आली, चेंडू हातात आला आणि प्रकरण संपले, ही सोय तर कोणत्याही लेखकाला मोह पाडणारीच आहे. मँटेल यांनी ती जरा सढळ हातानेच वापरली आहे.

पण या खेळाची याहून महत्त्वाची देणगी निराळी आहे. या खेळात एकाच संघाचे चढाई करणारे आणि बचाव करणारे असे दोन वेगळे ताफे असतात आणि सहसा ते एकाच वेळी मैदानात नसतात. चेंडू आपल्याकडे असला की चढाईवाले आत जातात, तो प्रतिस्पर्ध्याकडे गेला की ते बाहेर येतात आणि बचाववाले आत धावतात. टिकी रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा; रॉन्डे कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्याच्या हाती चेंडू पडू न देणारा. भाऊ एक, संघ एक, पोशाख एक, आणि तरीही एक खेळत असताना दुसरा रेषेबाहेर हेल्मेट हातात घेऊन उभा. दोघांनी खांद्याला खांदा लावून लढल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणून आपण पुस्तक उघडतो आणि आत सापडतो तो एकाने दुसऱ्याचा खेळ पाहण्याचा अनुभव. मला वाटते, भाऊ असणे म्हणजे बराचसा वेळ हेच असते. स्वतःच्या हातात काहीही नसताना दुसऱ्याचे बरेवाईट पाहत राहायचे आणि ते मात्र स्वतःला लागते.

मालिकेच्या सुरुवातीला तर दोघांच्याही वाट्याला राखीव खेळाडूंचा बाकच येतो. गल्लीतल्या छोट्यांच्या संघात चमकलेली ही पोरे सातवीत हिडन व्हॅली शाळेच्या संघात जातात आणि तिथे त्यांच्याहून हातभर उंच मुले आधीच उभी असतात. आदल्या वर्षीचे कौतुक इथे कोणाच्या गावीही नसते. पुढच्या भागांत त्यांना जागा मिळते, प्रशिक्षक बदलतो, आणि ऐन मोक्याच्या काळात संघात कांजिण्यांची साथ येते. हे शेवटचे मला फार आवडले. खेळाच्या गोष्टींत संकट म्हणजे बहुधा कोणीतरी दुष्ट प्रतिस्पर्धी असतो. इथे अंगावर पुरळ उठते आणि आई बाहेर पडू देत नाही. शाळकरी वयाच्या माणसाला यापेक्षा मोठे संकट ते कोणते?

हेव्याचा विषय सर्वांत नीट आला आहे तो चित्रमय पुस्तकांपैकी २००५ च्या एका पुस्तकात. इथे दोघेही चढाईच्या ताफ्यात आहेत. टिकी गोल रेषेपलीकडे धाव घेतो आणि सगळा गाव त्याचे नाव घेतो. त्याला वाट मोकळी करून देण्यासाठी समोरच्याला अंगावर घेणारा रॉन्डे मात्र कोणाला दिसत नाही. रॉन्डेला वाईट वाटते, आणि पुस्तक त्याला तसे वाटू देते. ‘भावाचे यश ते आपलेच यश’ असे सुवचन त्याच्या तोंडी कोंबले जात नाही. शेवटी प्रशिक्षक एक फसवी चाल आखतात आणि चेंडू रॉन्डेकडे येतो. हा शेवट थोडा सोयीचा आहे, पण सहा वर्षांच्या वाचकाला इतपत न्याय द्यायलाच हवा.

त्यानंतरच्या पुस्तकात चेंडू हातातून निसटण्याची गोष्ट आहे. टिकीच्या हातून सामन्यात चेंडू पडतो, तो खचतो आणि रॉन्डे त्याला सरावाला घेऊन जातो. मोठ्या टिकीची कारकीर्द ठाऊक असलेल्या माणसाला हे वाचताना हसू आवरत नाही. २००३ पर्यंत चेंडू पडू देणारा म्हणून तो न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत बदनाम होता. पुढच्या वर्षी त्याने चेंडू धरण्याची पद्धतच बदलली. मनगट कोपराच्या वर ठेवून चेंडू छातीशी उभा दाबून धरू लागला आणि पडण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. २००५ च्या हंगामात तो १,८६० यार्ड धावला. हे पुस्तक आले ते २००६ मध्ये. तिशी गाठलेल्या माणसाने आपला ताजा सल लहानपणीच्या स्वतःच्या हाती देऊन त्याच्या शेजारी भावाला उभे करावे, हे मला त्याच्या सर्व धावांपेक्षा लोभसवाणे वाटते. अर्थात हा माझा तर्क. लेखकांनी तसे कुठे म्हटलेले नाही.

आमच्या घरात ही मालिका एकाच वेळी दोघे वाचत होते. ग्रंथालयाची प्रत एक. थोरल्याची खूण म्हणजे वाणसामानाच्या दुकानाची लांबलचक पावती, धाकट्याची खूण म्हणजे दुमडलेला कोपरा, जो मी दिसेल तिथे सरळ करत असे आणि त्यामुळे नाहक भांडणे होत. धाकटा नेहमी पुढे. ‘दादा, तू अजून कांजिण्यांपर्यंत आलाच नाहीस?’ एवढे म्हटले की थोरला कानांवर हात ठेवून खोलीबाहेर जाई. रॉन्डे टिकीपेक्षा सात मिनिटांनी मोठा आहे हे कळल्यावर धाकट्याने मला गंभीरपणे विचारले, ‘मग टिकी त्याला दादा म्हणतो का?’ त्यांच्याकडे भावाला नावानेच हाक मारतात, असे मी सांगितले. तो म्हणाला, ‘सात मिनिटांसाठी नाहीच म्हणायला पाहिजे.’ थोरल्याने या सवलतीला लगेच हरकत घेतली.

पुस्तकांत दोष नाहीत असे नाही. प्रशिक्षकांची भाषणे लांब आहेत, खलनायक पोरे दोन प्रकरणांत सुधारतात आणि आईच्या तोंडी अभ्यासाविषयीचे बोलणे इतक्या वेळा येते की माझ्या मुलांनी ते मीच घुसडले असावे असा संशय घेतला. वडील नसलेल्या घरातली तंगी थोडी पुसटच राहते. घराची काळजी वाहणाऱ्या बाईचा दिवस कसा जात असेल, हे पुस्तकाच्या कडेकडेने जाणवते, मध्यावर येत नाही. पण मुलांच्या डोळ्यांनी पाहिलेली आई तशीच असते, दमून आलेली आणि तरीही सामन्याला हजर, म्हणून मी त्याविषयी फार तक्रार करणार नाही.

मालिका शाळेतच थांबते. पुढे ती बास्केटबॉल आणि बेसबॉलकडे वळते, पण पोरे मोठी होत नाहीत. खरी चुरस मात्र नंतरच होती. टिकी न्यूयॉर्कच्या प्रकाशात राहिला, घराघरांत पोहोचला आणि २००६ चा हंगाम संपताच निवृत्त झाला. त्याच्या संघाने पुढच्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला. रॉन्डे एकाच संघाकडून सोळा हंगाम खेळला. १९ जानेवारी २००३ रोजी फिलाडेल्फियात, अंतिम फेरीत जाण्यासाठीच्या सामन्यात, त्याने प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेतच अडवला आणि ९२ यार्ड पळत जाऊन टचडाउन केले, म्हणजे तो गोल रेषेपलीकडे नेला. पुढच्याच आठवड्यात त्याचा संघ विजेता ठरला. कोणाला न दिसणाऱ्या त्या भावाची २०२३ मध्ये ओहायो राज्यातल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात, निवड झाली. टिकी अजून तिथे पोहोचलेला नाही. थोरल्याला हे मी सांगितले तेव्हा त्याने धाकट्याकडे जरा सावधपणे पाहिले.

मला एक भाग हवा होता, तो १९९७ चा. जन्मापासून एका खोलीत, एका शाळेत, एका विद्यापीठात राहिलेले दोघे त्या वर्षी पहिल्यांदा वेगळे झाले. दोघांच्या शहरांत जवळजवळ सोळाशे किलोमीटरचे अंतर होते. व्यावसायिक संघांतून खेळताना पुढे ते एकमेकांसमोरही उभे राहिले. एकाचे काम पळायचे, दुसऱ्याचे काम अडवायचे. त्या दिवशी त्यांची आई कोणत्या संघाचा सदरा घालून बसली असेल, हे मुलांनी मला विचारले आहे आणि यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष आहेत. दोन्ही बाजूंचे सदरे मधोमध कापून शिवावेत, असे मी सुचवून पाहिले. ते दोघांनीही एकमताने फेटाळले.