फासे नसलेले पट

पटावरून फासे काढून टाकले की हरणाऱ्याची हक्काची सबब जाते. ल्युडोत किंवा सापशिडीत ‘दान पडले नाही’ असे म्हणून माणूस उठून जाऊ शकतो. सारीपाटातही, जिथे कोणती सोंगटी हलवायची याचा विचार नक्कीच करावा लागतो, शेवटचे खापर दानावर फोडता येते. बुद्धिबळ, वाघ-बकरी, ड्राफ्ट्स (म्हणजेच सोंगट्यांचा चेकर्स), हेक्स हे खेळ मात्र वेगळ्या जातीचे आहेत, कारण त्यांत नशीब नाही आणि लपवलेलेही काही नाही. समोरच्याला जे दिसते तेच आपल्याला दिसते, आणि तरीही आपल्याला जे सुचले नाही ते त्याला सुचलेले असते. या खेळांत कस लागतो तो स्वतःची छान खेळी शोधण्यात नव्हे, तर तिला मिळणारे सर्वांत वाईट उत्तर आधी पाहण्यात, असे माझे मत आहे. आणि ही सवय लावण्यासाठी बुद्धिबळापेक्षा लहान पट अधिक उपयोगी पडतात.

हे कोल्हापुरात बसून म्हणणे थोडे धाडसाचे आहे. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले आणि या पट्ट्यात बुद्धिबळाला प्रतिष्ठा मिळवून दिली. आमच्या शहरानेही ऋचा पुजारीसारखी आंतरराष्ट्रीय किताब मिळवणारी खेळाडू दिली. त्यामुळे मूल जरा हुशार दिसले की त्याला बुद्धिबळाच्या क्लासला घालायचे, ही इथल्या घरांतली ठरलेली रीत आहे. रविवारी संध्याकाळी आमच्या राजारामपुरीतल्या घरी गल्लीतली मुले आणि त्यांचे पालक पट मांडून बसतात, आणि पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरली की ही गर्दी वाढते. तिथे वारंवार दिसणारी गोष्ट अशी, की क्लासला जाणाऱ्या मुलाला पहिल्या आठ-दहा खेळ्या तोंडपाठ असतात, आणि त्या संपल्या की ते एकदम अनोळखी गावात उतरल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागते.

अशा मुलासमोर मी वाघ-बकरीचा पट ठेवतो. या खेळाचे पट प्रांतोप्रांती वेगळे आहेत. दक्षिणेत त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. आम्ही मात्र नेपाळमध्ये रुजलेला, बागचाल या नावाने ओळखला जाणारा चौकोनी पट वापरतो. शहाबादी फरशीवर खडूने पाच आडव्या आणि पाच उभ्या रेषा मारून त्यांत तिरप्या रेषा जोडल्या की पंचवीस बिंदूंचा पट तयार होतो. वाघ म्हणून चार सुपाऱ्या आणि बकऱ्या म्हणून वीस चिंचोके घेतले की दुकानात जायची गरज उरत नाही. चारही वाघ कोपऱ्यांत बसतात. बकऱ्या एकेक करून पटावर येतात आणि विसाव्या बकरीपर्यंत पटावरची एकही बकरी हलू शकत नाही. वाघ मात्र पहिल्यापासून हलतो, आणि शेजारच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातो. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकले. चारही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या.

दोन्ही बाजूंची ताकद, संख्या आणि उद्दिष्टही वेगळे असणे हीच या खेळाची खरी श्रीमंती आहे. बुद्धिबळात मूल समोरच्याची नक्कल करून काही काळ तग धरू शकते. इथे नक्कल करायला जागाच नाही. बहुतेक मुले आधी वाघ मागतात आणि मी त्यांना आधी बकऱ्या देतो, कारण सगळे शिक्षण बकऱ्यांच्या बाजूला आहे. पहिली बकरी कुठे ठेवावी, एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो. कोपऱ्यातल्या वाघाला लागून कडेवर ठेवली तर ती लगेच खाल्ली जाते. कडेच्या बरोबर मधल्या बिंदूवर ठेवली तर तूर्त कोणताही वाघ तिच्या शेजारी नसतो. शिवाय कडेवरच्या बकरीवर हल्ला फक्त त्या कडेच्याच रेषेतून होऊ शकतो, कारण इतर कुठल्याही दिशेने उडी मारली तर वाघाला पटाबाहेर उतरावे लागेल. आता समजा डावीकडचा वाघ कडेने एक पाऊल पुढे आला. मधल्या बकरीच्या पलीकडचा बिंदू रिकामा आहे, म्हणजे पुढच्या खेळीत ती जाणार. उपाय एकच आहे, दुसरी बकरी नेमकी त्या रिकाम्या बिंदूवर ठेवायची. ती उजव्या कोपऱ्यातल्या वाघाला चिकटून बसते, म्हणून मूल तिथे ठेवायला घाबरते. पण त्या वाघाने तिच्यावरून उडी मारायची तर उतरायचे पहिल्या बकरीच्या जागेवर, आणि ती जागा भरलेली आहे. जी धोक्याची वाटते तीच जागा सर्वांत सुरक्षित आहे, हे मुलाला बोट ठेवून मोजल्यावर कळते, आणि एकदा ते कळले की पुढचा संपूर्ण खेळ त्याच हिशेबाने उलगडत जातो: कुठली बकरी कुणाच्या पाठीशी उभी आहे, वाघ कुठे उतरू शकतो, आणि आपण आज ठेवलेला चिंचोका विसावी बकरी येईपर्यंत जागचा हलणार नाही.

वाघाच्या बाजूने खेळणाऱ्याची परीक्षा निराळी असते. हावरेपणाने एका बकरीमागे दोन-तीन वाघ एकाच कोपऱ्यात गोळा झाले की त्यांच्याभोवती भिंत बांधणे सोपे जाते. अनुभवी खेळाडू पटाचा मधला बिंदू आणि त्याच्या आसपासच्या वाटा मोकळ्या राखतो, आणि बकरी मिळाली नाही तरी स्वतःचे हलणे शाबूत ठेवतो.

या खेळाचा संगणकाने निकाल लावलेला आहे, हे ऐकून आमच्याकडची काही मंडळी खट्टू झाली होती. लिम यू जिन आणि युर्ग निव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर बागचाल बरोबरीत सुटतो. २००७ साली कॅनडातल्या जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ बाय आठच्या ड्राफ्ट्सचाही असाच बरोबरीचा निकाल लावला होता, आणि त्या खेळात संभवणाऱ्या मांडण्यांची संख्या सुमारे ५०० अब्ज अब्ज, म्हणजे पाचावर वीस शून्ये, इतकी आहे. मला यात खेळ संपल्यासारखे काही वाटत नाही. बरोबरीची वाट आहे हे माहीत असणे आणि ती वाट फरशीवर बसून सापडणे, यांत फार मोठे अंतर आहे.

ज्यांना निव्वळ तर्क आवडतो, त्यांच्यासाठी हेक्स. डेन्मार्कच्या पिट हाइन यांनी १९४२ साली आणि त्यानंतर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला गणितज्ञ जॉन नॅश यांनी स्वतंत्रपणे शोधलेला हा खेळ षट्कोनी घरांच्या, अकरा बाय अकराच्या पटावर खेळतात. प्रत्येकाने आळीपाळीने एक घर आपल्या रंगाने भरायचे आणि आपल्या दोन समोरासमोरच्या कडा सलग साखळीने जोडायच्या. झेरॉक्स काढलेला कागद आणि दोन रंगांची पेने एवढ्यावर भागते. हा खेळ कधीच बरोबरीत सुटत नाही. पट पूर्ण भरला तर कुणाची तरी एकाची साखळी जुळलेलीच असते. त्यावरून नॅश यांनी केलेला युक्तिवाद दहावीच्या मुलालाही समजतो. समजा दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकण्याची रीत आहे. मग पहिल्याने कुठेही एक घर भरावे आणि त्यानंतर तीच रीत आपण वापरावी. या खेळात आपले जास्तीचे घर आपल्याला कधीच नडत नाही, म्हणजे पहिलाही हमखास जिंकेल. दोघेही जिंकू शकत नाहीत, तेव्हा अशी रीत दुसऱ्याकडे असणे अशक्य आहे, आणि बरोबरी होतच नसल्याने ती पहिल्याकडेच असली पाहिजे. गंमत अशी की ती रीत कोणती, याबद्दल हा युक्तिवाद एक अक्षरही सांगत नाही. पहिल्याचा हा फायदा काढून घेण्यासाठी एक सुरेख नियम आहे: पहिल्याने एक घर भरायचे आणि ती बाजू घ्यायची की नाही हे दुसऱ्याने ठरवायचे. त्यामुळे पहिल्याला फार चांगलीही नाही आणि फार वाईटही नाही अशी खेळी शोधावी लागते.

पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो की याने गणिताचे गुण वाढतील का. जाहिराती काहीही म्हणोत, इंग्लंडमध्ये १०० शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर यासाठी मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्या शाळांत तीस तास बुद्धिबळ शिकवले गेले, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतरच्या गणिताच्या गुणांत कोणताही फरक आढळला नाही. चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोगही इथे आठवतो. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडूला ती नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त आठवत असे. पण तीच मोहरी वाटेल तशी विखरून मांडली की निष्णात आणि नवशिका जवळजवळ सारखेच. म्हणजे वाढते ती ओळखीच्या रचनांची शिदोरी, आणि ती त्या खेळापुरती असते. गुणांसाठी कुणी येत असेल तर मी त्याला शिकवणीचा रस्ता दाखवतो.

पाठ रचनांवर कुणी विसंबू नये म्हणूनच आम्ही बुद्धिबळाचा पट मांडतो तेव्हा बहुधा जुन्या देशी नियमांनी खेळतो. प्याद्याला सुरुवातीला दोन घरांची मुभा नाही, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) नाही, आणि शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी घेता येते. प्याद्याने मात देणे इतर कुठल्याही मोहऱ्याने मात देण्यापेक्षा मानाचे समजले जाते. या नियमांत क्लासमधल्या पाठ सुरुवाती चार-दोन खेळ्यांतच निरुपयोगी होतात, आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे मिळवलेला मुलगा व त्याचे निवृत्त आजोबा एकाच पायरीवर येऊन बसतात. आजोबा तर त्या राजाच्या उडीची वाट पाहत मोहरी आधीपासून रचत असतात, आणि नातू ती उडी आहे हेच विसरलेला असतो.